टोपीकर आणि माझ्या आईची टोपी

आजचा एपिसोड टोपीवर. कुणाला टोपी घालण्यावर नाही हं, खऱ्याखुऱ्या टोपीवर.

एप्रिलमध्ये आमच्याकडे कांदा काढणी चालू होती. आई दिवसभर उन्हात, डोक्यावर फक्त पदर. मी म्हटलं, "आई, तुला मोठ्या कडेची हॅट आणतो." तर म्हणाली, "नको रे बाबा, मडम दिसेन. बायका हसतील."

हॅट म्हणजे साहेब, हे आपल्या डोक्यात कधी बसलं? शोधायला गेलो तर थेट मराठेशाहीत पोचलो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्य इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात: टोपीकर. आणि बजावतात, की हे नुसते व्यापारी नाहीत, यांना राज्य हवंय. म्हणजे टोपी ही त्यांची ओळखच झाली होती.

पुढे साहेबाच्या डोक्यावर आली सोला हॅट. यातला 'सोला' इंग्रजी 'सोलर' नाही बरं का! शोला ही बंगालच्या दलदलीत वाढणारी वनस्पती. तिचा आतला गर पांढरा आणि एकदम हलका. बंगाली नवरदेवाचा टोपोर याच गराचा करतात. त्यावर कापड चढवलं की साहेबाची हॅट तयार. म्हणजे साहेबी थाटाची वस्तू मुळात इथल्याच चिखलातली!

गोऱ्यांना वाटायचं, इथलं ऊन कवटीतून आत शिरून मेंदू बिघडवतं. म्हणून लहान मुलांनाही हॅटशिवाय बाहेर सोडत नसत. दुसऱ्या महायुद्धात सैनिक तिच्याशिवाय वावरले आणि ती भीती फोल ठरली. इतकी वर्षं साहेबाने स्वतःलाच टोपी घातली होती. पण सावलीचा फायदा मात्र खराच होता.

हे गांधीजींनी मोकळेपणाने मान्य केलं. त्यांची स्वतःची टोपी काश्मिरी टोपीवरून सुचलेली: कापड कमी, घडी करून खिशात मावणारी, आणि पांढरी अशासाठी की मळ दिसावा आणि ती धुतली जावी. पण तिला कड नाही, त्यामुळे डोळ्यांवर, मानेवर सावली पडत नाही. 1929 मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिलं, की सोला हॅट ही युरोपने दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. लोकांच्या मनात हॅटविषयी इतका राग नसता, तर तिच्या प्रचारासाठी निघालेल्या मंडळाचं अध्यक्षपदही आपण घेतलं असतं. वाचून मी उडालोच. स्वदेशीसाठी परदेशी कापडाच्या होळ्या करायला लावणारा माणूस हे लिहितोय!

मग ठरवलं, हॅट घरीच शिवायची, आणि दोन्ही बाजूंनी घालता येईल अशी. आईच्या डोक्याचा घेर 56 सेंमी. भागिले 3.14, म्हणजे वरचा गोल साधारण 18 सेंमी व्यासाचा. इंजिनिअरिंगचा शेवटी उपयोग झाला! त्याला 9 सेंमी उंच पट्टी, खाली 7 सेंमी रुंद कड. सगळीकडे 1 सेंमी माया. असे दोन संच कापले: एक पांढऱ्या खादीचा, एक आईच्या जुन्या फुलाफुलांच्या साडीचा. दोन वेगळ्या टोप्या शिवल्या, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कडेने टीप मारली, चार बोटं जागा सोडली आणि तिथून सगळं उलटवलं. पहिल्यांदा वळणावर कात्रे द्यायला विसरलो, कड पापडासारखी वाकडी झाली. उसवून परत शिवली.

आईने दोन्ही बाजू पाहिल्या, साडीची बाजू वर केली आणि पदरावरूनच हॅट घातली. शेतात कोण हसलं, ते तिने सांगितलं नाही. चार दिवसांनी फोन आला: "काकूला पण एक शिव. तिची साडी पाठवते."

चला, भेटू पुढच्या भागात. उन्हात जपून!