मुखत्यारपत्र आणि दूर गेलेला माणूस

श्रोतेहो, माणूस परमुलखात गेला तरी त्याची जमीन, घर आणि कोर्टकज्जे इथेच राहतात. त्यांचा कारभार पाहण्यासाठी तो ज्याला लेखी अधिकार देतो, तो मुखत्यार. या कागदाचा इतिहास म्हणजे विश्वासाला कायद्याने घातलेल्या कुंपणाचा इतिहास होय.

1872 च्या करार कायद्याने ठरवले की, अधिकाराच्या मर्यादेत मुखत्याराने केलेले काम देणाऱ्याला बांधील राहील आणि देणारा वारला की अधिकार सामान्यतः संपेल. परंतु मृत्यूची वार्ता दूरवरून उशिरा येते. म्हणून 1882 च्या मुखत्यारपत्र कायद्याने, ती वार्ता ठाऊक नसताना प्रामाणिकपणे पैसे चुकते करणाऱ्यावर त्याची जबाबदारी ठेवली नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने आणखी एक गाठ मारली. परदेशी राहणाऱ्याच्या मुखत्याराला दस्त नोंदवायचा असेल, तर मुखत्यारपत्रावरची सही तिकडच्या नोटरीसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर होऊन प्रमाणित झालेली हवी.

प्रारंभी ही सोय मुख्यतः पेढीवाल्यांच्या आणि जमीनदारांच्या कामी आली असावी. 1970 नंतर आखाती देशांत आपला कामगार गेला, तेव्हा तीच त्याच्याही हाती आली. कायद्याचे ज्ञान मात्र आले नाही.

आमच्या कचेरीत असा एक फिटर आला होता. भावाला दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचे त्याने भावाला पत्राने कळवले होते. पण खरेदीदाराला कोणीच सांगितले नव्हते, आणि भावाने जमीन विकून टाकली. 1872 चाच कायदा म्हणतो की, अधिकार रद्द झाल्याचे तिऱ्हाइताला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो रद्द होत नाही. त्याच्या कष्टाची जमीन या एका वाक्यात अडकली.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. नातलगाला कारभारासाठी दिलेले खरे मुखत्यारपत्र मात्र वैधच आहे.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. ज्याला खबर नव्हती, त्याला कायदा सांभाळून घेतो. तेव्हा खबर देण्याचे ओझे दूर गेलेल्या माणसावरच पडते. बांधवहो, सर्वाधिकार देऊ नका. जेवढे काम, तेवढाच अधिकार लिहा. आणि तो काढून घ्याल तेव्हा मुखत्यारालाच नव्हे, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवा.