रुपया किती पेन्सचा? आंबेडकरांच्या १९२३ च्या प्रबंधात नेमकं काय आहे

१४ एप्रिल जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो: बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक उभी राहिली. पुस्तकाचं नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. नाव अनेकांना पाठ आहे, आत काय लिहिलंय ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. आतला मजकूर या फॉरवर्डपेक्षा बराच धारदार आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या डी.एस्सी.साठी लिहिलेला हा प्रबंध. १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी तो छापला. प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची. आपल्याला यातलं सगळं पटत नाही, हे कॅनन यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं आणि तरीही विचारांच्या ताजेपणाचं कौतुक केलं.

आता मूळ भानगड. रुपया चांदीचा होता, ब्रिटनचा पौंड सोन्याचा. १८७० च्या दशकात जर्मनीसह अनेक देश सोन्याकडे वळले आणि चांदीचा भाव कोसळला. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया वीसेक वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. भारत सरकारला पेन्शन, कर्जाचं व्याज असे खर्च लंडनमध्ये पौंडात भागवावे लागत. म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये, आणि ते येणार रयतेच्या करातून.

तोपर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. १८९३ मध्ये सरकारने ती बंद केली. रुपयाची चणचण झाली, त्याचा भाव चढला आणि १ शिलिंग ४ पेन्सवर बसवण्यात आला. हिशेब सोपा: एका पौंडाचे २४० पेन्स, रुपयाचे १६ पेन्स, म्हणून १५ रुपयांना एक पौंड.

हा दर टिकवायला जी व्यवस्था तयार झाली तिला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'सुवर्ण विनिमय परिमाण' म्हणतात. देशात चांदीचा रुपया चालवायचा, सोन्याचा साठा मुख्यतः लंडनमध्ये ठेवायचा आणि तिथे व इथे हुंड्या विकून दर सांभाळायचा. जॉन मेनार्ड केन्स यांना ही व्यवस्था फार आवडली. 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' या १९१३ च्या पुस्तकात त्यांनी तिची भलामण केली. (केन्स इंडिया ऑफिसात नोकरीला होते, पण भारतात कधी आले नाहीत.)

आंबेडकरांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. रुपयातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त झाली होती. त्यामुळे प्रत्येक नवा रुपया पाडताना सरकारला नफा व्हायचा. किती पाडायचे यावर कायद्याची मर्यादा नव्हती आणि एकदा बाजारात गेलेले रुपये परत आटवणं अवघड होतं. रुपये वाढले की महागाई वाढणार. लंडनमध्ये दर १६ पेन्सवर स्थिर दिसेल, पण इथल्या बाजारात त्याच रुपयाला धान्य कमी मिळेल. त्यांच्या मते रुपयाची खरी किंमत त्याने देशात काय विकत घेता येतं यावर ठरते. हुंडणावळ, म्हणजे विनिमय दर, शेवटी तिच्याच मागे जाते.

मला या पुस्तकातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो तो घसरत्या रुपयाच्या फायद्याबद्दलचा. रुपया पडला की निर्यात वाढते, मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनमध्ये खपतं, म्हणून स्वस्त रुपया देशाच्या हिताचा, असं तेव्हा अनेक भारतीय पुढारीही म्हणत. आंबेडकरांनी विचारलं, हा नफा येतो कुठून? परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून नव्हे. भाव चढतात, पण मजुरी तितक्या वेगाने चढत नाही. मधला फरक निर्यातदाराच्या पदरात पडतो. म्हणजे देशाला फायदा झालेला नसतो, देशातल्या एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेलं असतं. रुपया ऐंशीवर की नव्वदवर, या आजच्या भांडणात हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

त्यांचा उपाय कडक होता. चांदीचे नवे रुपये पाडणं सरकारसाठीही कायमचं बंद करा, रुपयांची संख्या गोठवा, चलन वाढवायचं तर सोन्याच्या नाण्यानेच वाढू द्या. हा उपाय आज कुणी सुचवणार नाही. पण परकीय सरकारच्या हातात नोटा-नाण्यांची मोकळीक देण्याची त्यांची तयारी नव्हती, हे लक्षात घेतलं की त्यामागचं कारण कळतं.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोग चौकशीसाठी भारतात आला. आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. चलनाची सूत्रं सरकारपेक्षा बँकेच्या हातात असली तर धोका कमी, कारण चुकीची झळ बँकेला स्वतःला बसते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२६ च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

तर फॉरवर्डमध्ये तथ्य किती? आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि विषयाची तयारी फार थोड्यांची त्यांच्याइतकी असेल. पण बँकेचा आराखडा त्या पुस्तकात नाही. आयोगाने त्यांची मुख्य मागणीही मानली नाही. त्याने लगडीच्या सोन्यावर आधारलेली पद्धत सुचवली आणि दर १ शिलिंग ६ पेन्स धरला. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. त्यावरून मुंबईचे व्यापारी आणि सरकार यांच्यात पुढे बरीच वर्षं जुंपली.

पुस्तकाची नवी आवृत्ती १९४७ मध्ये निघाली, 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग' या नावाखाली, पहिला खंड म्हणून. १९२३ नंतरची हकीकत दुसऱ्या खंडात यायची होती. तो खंड निघालाच नाही.