उकळणारा दगड आणि ओली हवा

मोलगीच्या परिसरात उन्हाळा म्हणजे आमचूर वाळवण्याचे दिवस. कैरीच्या फोडी कडक होईपर्यंत उन्हात पसरलेल्या असतात. मध्येच वळवाची सर आली की त्या काळवंडतात आणि बाजारात भाव पडतो. वाळलेली वस्तू पाणी ओढून घेते, हे अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात कोणाला शिकवावे लागत नाही. हवेतला किंवा धुरातला कर्बवायू सच्छिद्र पदार्थांत पकडू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची वाटही याच पाण्याने अडवली.

या इतिहासाची सुरुवात दगडापासून होते. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट याने एक खनिज तापवले, तेव्हा ते पाणी सोडत फसफसू लागले. त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, असे नाव दिले. आपल्या दख्खनी बेसॉल्टच्या पोकळ्यांत हे स्फटिक विपुल सापडतात. पुणे, नाशिक, जळगावकडचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

१९४९ च्या सुमारास अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट मिल्टन यांनी झिओलाइट कृत्रिमरीत्या घडवले आणि १९५४ मध्ये ते बाजारात आले. त्यांचा पहिला मोठा उपयोग होता वायू कोरडे करण्याचा. पुढे कर्बवायू पकडण्यासाठी त्यांनाच कामाला लावले, तेव्हा हा गुणच अवगुण ठरला. छिद्रांतील सोडियमचे आयन कर्बवायूपेक्षा पाण्याच्या रेणूला फार घट्ट धरतात. त्यातून संख्याबळही पाण्याच्याच बाजूला. हवेत कर्बवायू जेमतेम ०.०४ टक्के, पण ३० अंश तापमानाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत वाफ तीन टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे ऐंशीपट. जागा आधी पाणीच बळकावते आणि ते हुसकावायला पदार्थ पुन्हा तापवावा लागतो. तेवढी ऊर्जा कोळसा जाळून मिळवली, तर कमाईचा बराच भाग तिथेच खर्ची पडतो.

पाणी नेहमीच वैरी असते असेही नाही. चुन्याच्या गिलाव्याला कर्बवायू शोषून घट्ट होण्यासाठी थोडी ओल लागते. मात्र छिद्रे पाण्याने पूर्ण भरली, तर वायू आत शिरत नाही. अमाइन लावलेल्या पदार्थांनाही दमटपणाचा फायदा होतो: कोरड्या हवेत कर्बवायूचा एक रेणू धरायला साधारण दोन अमाइन लागतात, पाणी असेल तर एकावरही भागू शकते.

२०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कॅनडातील जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने ‘काल्फ-२०’ या धातू-सेंद्रिय जाळीची माहिती प्रसिद्ध केली. पुण्याच्या आयसर संस्थेतील रामनाथन वैद्यनाथन या संशोधनात सहलेखक आहेत. सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत ही जाळी पाण्याला मागे ठेवून कर्बवायू धरते. अशा जाळ्यांचा पाया घालणाऱ्या रॉबसन, कितागावा आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण सातपुड्यात आषाढ-श्रावणातली आर्द्रता या ४० टक्क्यांच्या कितीतरी वर असते. कर्बवायू पकडणारी यंत्रे उद्या आपल्याकडे सरकारी पैशाने उभी राहतील, तेव्हा त्यांची क्षमता कोरड्या वायूत मोजली की पावसाळी हवेत, हे खरेदीपूर्वीच विचारले पाहिजे. नाहीतर वर्षातले चार महिने ती यंत्रे फक्त पाणी गोळा करत बसतील.