टोड लेनवरचं दुकान

गटाच्या बैठकीत दर महिन्याला आपण पैसे गोळा करतो, वही लिहितो, सह्या करतो. ही रीत आली कुठून? आज आम्ही तुम्हाला एका जुन्या दुकानाची गोष्ट सांगणार आहोत. दुकान आपल्याकडचं नाही, इंग्लंडमधलं आहे. पण ऐकताना तुम्हाला आपल्याच गावातली गोष्ट वाटेल.

मँचेस्टर शहराजवळ रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथे टोड लेन नावाची गल्ली आहे. टोड म्हणजे बेडूक, तेव्हा बेडूकगल्लीच म्हणा! या गल्लीत ३१ नंबरची विटांची जुनी इमारत आहे. पूर्वी ती मालाचं गोदाम होती. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्याच्या चार वर्षं आधी, २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी, या गोदामाच्या तळमजल्यावर एक किराणा दुकान उघडलं.

दुकान काढणारे होते साधे कामकरी. त्यांच्यात लोकरी कापड विणणारे विणकर बरेच. मजुरी तुटपुंजी. महिनाअखेर हात रिकामे झाले की दुकानदाराकडे उधारी. आणि उधारीचं गिऱ्हाईक म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक. पिठात खडूची भुकटी निघाली तरी बोलायची सोय नाही, आणि मापात पाप तर ठरलेलंच. भाव विचारला तर दुकानदार म्हणणार, आधी मागची बाकी द्या.

मग या लोकांनी दर आठवड्याला दोन-तीन पेनी बाजूला टाकायला सुरुवात केली. पेनी म्हणजे त्यांचा पैसा. असं करत करत २८ पौंड जमले. गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. उरलेल्या पैशांत माल किती येणार? लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, एवढाच. पिंपांवर फळ्या टाकून गल्ला केला. पहिल्या संध्याकाळी दार उघडलं तेव्हा गल्लीतली पोरं हसत होती, ओरडत होती.

हसण्यासारखं होतंही. कारण याच गल्लीत दहाएक वर्षांपूर्वी असंच एक दुकान निघालं होतं आणि बुडालं होतं. कशाने बुडालं? उधारीने. आपल्याच माणसांना नाही कसं म्हणायचं, म्हणून माल देत गेले आणि पैसे परत आले नाहीत. यावेळी त्यांनी नियमच केला: रोख द्या, माल न्या. सभासद असला तरी उधारी नाही. कठोर वाटतो ना हा नियम? पण दुकान तगलं ते त्याच्याच जोरावर.

दुसरा नियम तोलाचा. माल शुद्ध, माप पूर्ण. तिसरा नियम मताचा. ज्याचे शेअर जास्त त्याला जास्त मतं, असं नाही. प्रत्येक सभासदाला एकच मत. चौथा नियम नफ्याचा, आणि तो फार हुशारीचा. नफा झाला की ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात तो परत मिळायचा. समजा, तीन महिन्यांत एकीने हजाराचा किराणा नेला आणि दुसरीने दोन हजारांचा, तर दुसरीला दुप्पट परतावा. म्हणजे रोजच्या मीठ-पिठातून घरात शिल्लक पडू लागली.

आता आपल्या कामाचा मुद्दा. १८४६ साली एलायझा ब्रायर्ली नावाची बाई या संस्थेची सभासद झाली, स्वतःच्या नावाने. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईचा पैसा नवऱ्याचा मानला जाई. तो कायदा पुरता बदलायला १८८२ साल उजाडलं. पण या दुकानाच्या वहीत बायकांची नावं त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिली जात होती. किराणा कोण आणतं, घर कोण चालवतं, हे त्या विणकरांना ठाऊक होतं. म्हणून वहीतही तिला जागा मिळाली. पुढे १८८३ साली इंग्लंडमधल्या सहकारी दुकानांच्या सभासद बायकांनी स्वतःची वेगळी संघटनाही उभी केली.

दुकान वाढत गेलं. वरच्या मजल्यावर वाचनाची खोली झाली, कारण नफ्यातला काही भाग शिक्षणावर खर्च करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. १८६७ साली संस्था मोठ्या इमारतीत गेली. जुन्या जागेत मग दुसरेच लोक धंदा करू लागले. कित्येक वर्षांनी सहकारी चळवळीने ती इमारत विकत घेतली आणि १९३१ साली तिथे संग्रहालय उघडलं.

आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला १९०४ साली. एका सभासदाला एक मत, हे तत्त्व महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यातही आहे. तुमच्या गावची दूध सोसायटी, विकास सोसायटी याच तत्त्वावर चालते. बेडूकगल्लीतला तो नियम असा आपल्या दारापर्यंत आला.

पण नियम कागदावर असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. दुधाची धार काढणारी बाई, आणि सोसायटीच्या वहीत नाव घरच्या पुरुषाचं, हे आपण सगळ्याच पाहतो. गटात बायका असतात, पण सही कुठे करायची ते दुसरंच कुणी दाखवतं. एलायझाबाईंचं नाव वहीत होतं, म्हणूनच आज पावणेदोनशे वर्षांनी आपण ते घेऊ शकतो.

म्हणून मैत्रिणींनो, आज घरी एवढं एक काम करा. सोसायटीचं, बँकेचं, गटाचं पासबुक काढा. पहिल्या पानावर नाव कुणाचं आहे ते वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. आणि तुमचं नाव तिथे नसेल, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.