अंकीय छायाचित्रांचे जतन : साठवण-साधनांच्या कालबाह्यतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
इतिहासलेखन साधनांवर अवलंबून असते आणि साधने टिकण्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अशा साधनसंग्रहांतील बहुसंख्य कागद जुन्या घराण्यांच्या दप्तरांत पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. त्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते, तरी रुमाल सोडताच मोडी जाणणाऱ्यास ते वाचता आले. वाळवी व ओल यांपासून बचावलेला कागद दुर्लक्षातही टिकून राहतो. अंकीय छायाचित्राबाबत असे म्हणता येईल काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साठवण-साधनांची वाटचाल :
कोडक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेला कॅमेरा हा सामान्यतः पहिला अंकीय कॅमेरा मानला जातो. १०० × १०० बिंदूंचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९० च्या दशकाच्या आरंभी कोडकची फोटो सीडी आली. १९९७ मध्ये सोनीचा माविका कॅमेरा साडेतीन इंची फ्लॉपीवर चित्रे साठवू लागला. पुढे स्मार्टमीडिया, एक्सडी आदी कार्डे आली आणि मागे पडली. २०११ मध्ये सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्रीही थांबवली.

या वाटचालीत कालबाह्यतेचे तीन थर दिसतात. पहिला थर वाहकाचा, म्हणजे फ्लॉपी वा सीडी या वस्तूचा. दुसरा ती वाचणाऱ्या यंत्राचा. आणि तिसरा फाईलच्या स्वरूपाचा. यांपैकी एक थर निखळला तरी चित्र हाती लागत नाही. १९९२ मध्ये प्रमाणित झालेले जेपीईजी हे स्वरूप खुले असल्याने आजही सर्वत्र उघडते. फोटो सीडीचे स्वरूप मात्र एका कंपनीच्या ताब्यात होते. ते मागे पडताच त्यास आधार देणाऱ्या संगणकप्रणालीही कमी होत गेल्या.

डोम्सडे प्रकल्पाचा दाखला :
इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेवरून १०८६ मध्ये झालेल्या पाहणीची नोंद ‘डोम्सडे बुक’ या ग्रंथात आहे. तिच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये नवा डोम्सडे प्रकल्प पूर्ण केला. देशाचे ४ × ३ किलोमीटरचे विभाग पाडून शाळा व स्थानिक मंडळांकडून लेख व छायाचित्रे मागवण्यात आली. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. ही सामग्री १२ इंची लेसर तबकड्यांवर साठवली गेली. तीतील छायाचित्रे अंकीय नव्हती, तर व्हिडिओच्या स्थिर चौकटी होत्या. तथापि यंत्रावरील अवलंबित्व तेच होते. तबकडी वाचण्यास फिलिप्सचे विशिष्ट यंत्र व त्यास जोडलेला बीबीसी संगणक लागे.

अवघ्या सोळा वर्षांत अशी चालू यंत्रे दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रावरील ग्रंथ मात्र वाचता येत होता. २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने जुन्या यंत्रणेचे अनुकरण करणारी प्रणाली तयार करून सामग्री पुन्हा दाखवली. मूळ व्हिडिओ टेपवरूनही चित्रे परत मिळवण्यात आली. २०११ मध्ये बीबीसीने त्यातील लोकसहभागाचा भाग महाजालावर ठेवला. २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले व त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात राहिली.

हा बचाव योगायोगाने झालेला नाही. मूळ टेप जपलेल्या होत्या, काही यंत्रे चालू होती आणि त्यांचे जाणकार हयात होते. आणखी काही दशके लोटली असती, तर यांपैकी काय उरले असते, हा प्रश्नच आहे. महाजालावर ठेवले म्हणजे जतन झाले, हा समजही २०१८ च्या घटनेने खोटा ठरवला.

आपल्यापुढील प्रश्न :
फिल्मची निगेटिव्ह उजेडासमोर धरली तरी त्यातील माणसे दिसतात. सीडी उजेडासमोर धरून काहीच दिसत नाही. आपल्या महाविद्यालयांतील २००० नंतरच्या दशकातील स्नेहसंमेलने, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, प्रादेशिक इतिहासाच्या क्षेत्रभेटी यांची छायाचित्रे अनेकदा विभागाच्या कपाटातील सीडींवर असतात. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा सीडी वाचण्याची सोयच नसते. शिवाय लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगद्रव्याचा थर काळानुसार क्षीण होतो. उद्याच्या स्थानिक इतिहासकाराचे हे साधन आहे.

निष्कर्ष :
कागदाचे जतन म्हणजे मूळ वस्तू सांभाळणे होय. अंकीय छायाचित्राचे जतन म्हणजे वेळोवेळी प्रत करणे होय. म्हणून खुल्या स्वरूपात किमान तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी. दर काही वर्षांनी त्या उघडून तपासाव्यात. चित्रासोबत स्थळ, दिनांक व व्यक्तींची नोंद असावी, अन्यथा चित्र उरेल पण साधन उरणार नाही. हे काम एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर वा निवृत्तीबरोबर थांबू नये, यासाठी ते ग्रंथालयाच्या नियमित कामात समाविष्ट होणे आवश्यक आहे. पूर्वजांच्या दुर्लक्षातूनही आपल्याला दप्तरे मिळाली. आपल्या दुर्लक्षातून पुढील पिढीला छायाचित्रे मिळणार नाहीत.