दक्षिण सेना आणि ‘न लढल्या’चा आक्षेप

दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्याचा इतिहास आपल्याकडे साधारण असा सांगितला जातो. लढली ती विल्यम स्लिमची चौदावी सेना. इम्फाळ, कोहिमा, मंडाले हे पराक्रम तिचे. एप्रिल 1942 मध्ये उभी राहिलेली आणि बंगळुरात मुख्यालय असलेली दक्षिण सेना मात्र नावापुरती सेना. ती एकही लढाई लढली नाही. न आलेल्या शत्रूची वाट पाहत ती तीन वर्षे थंड हवेच्या छावणीत बसून राहिली. म्हणून युद्धाच्या पुस्तकांत तिची बोळवण एका वाक्यात होते. हे मत मला सपशेल चुकीचे वाटते. पण त्याचे खंडन करण्याआधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा असा की, दक्षिण भारतावर सैन्य उतरवण्याचा जपानचा पक्का बेत कधीच नव्हता. सिलोन घेण्याचा विचार जपानी नौदलात झाला होता, पण त्यासाठी सैन्य द्यायला जपानी लष्कराने नकार दिला. जून 1942 मध्ये मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली आणि तो धोका मावळला. दुसरा मुद्दा: जंगलयुद्धाचे जे खरे शिक्षण म्हणतात, ते छिंदवाडा आणि सहारनपूर येथील प्रशिक्षण डिव्हिजनांत आणि रांचीच्या परिसरात झाले, बंगळुराचा त्यात काय वाटा? तिसरा मुद्दा सर्वांत थेट आहे: ज्या सेनेच्या नावावर लढाई नाही, तिला इतिहास कसला?

पहिल्या मुद्द्यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. सेनापतीला निर्णय घ्यावा लागतो तो त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर, पुढे उघडलेल्या दप्तरांवर नव्हे. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले, 8 मार्चला रंगून गेले. 5 एप्रिलला कोलंबोवर हल्ला झाला आणि ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ ही क्रूझर जहाजे बुडाली. 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा यांच्यावर बाँब पडले. 9 एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि ‘हर्मिस’ हे विमानवाहू जहाज तळाला गेले. उरलेला ब्रिटिश आरमारी ताफा पूर्व आफ्रिकेच्या किलिंडिनीकडे मागे सरला. बंगालचा उपसागर उघडा पडला. मद्रासेत असा हाहाकार उडाला की लोकांचे लोंढे शहर सोडून निघाले, सरकारी कचेऱ्या आत हलवल्या गेल्या आणि पिंजरे फुटून श्वापदे रस्त्यावर येतील या भीतीने प्राणिसंग्रहालयातील हिंस्र जनावरे गोळ्या घालून मारली गेली. अशा महिन्यात किनाऱ्यामागे सेना उभी न करणे हा गुन्हाच ठरला असता.

मुख्यालय बंगळुरात नेण्यामागेही हाच हिशोब होता. जिच्यातून ही सेना उभी राहिली, त्या दक्षिण कमांडचे घर पुणे. शांततेच्या काळात ते सोयीचेही होते. पण धोका पूर्व किनाऱ्याला, आणि पुण्याहून मद्रास हजार किलोमीटरपलीकडे. बंगळूर मद्रासपासून साधारण 350 किलोमीटर, घाटमाथ्याच्या आत, दोन्ही किनाऱ्यांकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर. शिवाय मद्रास सॅपर्सचे केंद्र, छावणी, कवायतीची मैदाने तिथे आधीच होती. ही जागा युद्धासाठी निवडली होती, हवेसाठी नाही.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्यच करावे. 1943 च्या पायदळ समितीने नव्या रंगरुटांना केंद्रातल्या नऊ महिन्यांनंतर आणखी दोन महिने जंगलाचे शिक्षण द्यायचे ठरवले, आणि ते छिंदवाडा-सहारनपूरला झाले. पण रंगरूट शिकवणे वेगळे आणि डिव्हिजन घडवणे वेगळे. डिव्हिजन म्हणजे नुसत्या पलटणींची बेरीज नव्हे. तोफखाना, सॅपर, सिग्नल, खेचरे, इस्पितळे, रसद आणि या सगळ्यांना एका सुरात चालवणारा अधिकारीवर्ग, हे सगळे एकमेकांत मुरावे लागते. त्याला महिने लागतात आणि शत्रूच्या तोफांखाली ते जमत नाही.

हे मुरवण्याचे काम कुठे झाले ते आता पाहू. डग्लस ग्रेसी यांची 20 वी डिव्हिजन एप्रिल 1942 मध्ये बंगळुरात उभी राहिली. हेन्री डेव्हिस यांची 25 वी डिव्हिजन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तीही बंगळुरातच. 33 व्या कोअरचा जन्मही 1942 चा आणि बंगळूरचा. फिलिप क्रिस्टिसन तिचे पहिले सेनापती. 19 वी डिव्हिजन आधीची, सिकंदराबादची, पण दक्षिणेच्या रक्षणासाठी तीही याच सेनेत होती. ब्रिटिशांची 2 री डिव्हिजन आपल्या अहमदनगरच्या परिसरात तळ देऊन होती. ऑगस्ट 1942 नंतर या सेनेचे प्रमुख होते नोएल बेरेसफोर्ड-पियर्स. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ‘बॅटलॲक्स’ मोहिमेत अपयश घेऊन आलेला हा माणूस. पुन्हा आघाडी त्याच्या वाट्याला आली नाही, पण त्याच्या हाताखालून गेलेल्या तुकड्यांनी पुढे काय केले ते पाहा.

एप्रिल 1944 मध्ये कोहिमाला वेढा पडला. तो फोडायला धावली ती माँटेग्यू स्टॉपफर्ड यांच्या हाताखालची हीच 33 वी कोअर, आणि तिच्या अग्रभागी होती नगरहून निघालेली 2 री डिव्हिजन. 22 जूनला इम्फाळचा रस्ता मोकळा झाला. 20 व्या डिव्हिजनने त्याच काळात शेनामच्या डोंगरांवर इम्फाळचे दार रोखून धरले आणि फेब्रुवारी 1945 मध्ये इरावती ओलांडली. 19 व्या डिव्हिजनने 20 मार्च 1945 रोजी मंडालेचा किल्ला घेतला. 25 वी आराकानात लढली. चौदाव्या सेनेच्या यशातून एवढ्या तुकड्या वजा करा आणि काय उरते ते बघा. लढाईचे श्रेय स्लिमचे, यात वाद नाही. पण लढणारे हात कुणी तयार करून दिले, हे इतिहासाला सांगता आले पाहिजे.

25 व्या डिव्हिजनजवळ जरा थांबू, कारण तिच्याशी आपले थेट नाते आहे. जानेवारी 1945 च्या अखेरीस आराकानातील कांगॉ येथे, खाजणातून आणि खाऱ्या ओहोळांतून होड्यांनी उतरून, तिच्या 51 व्या ब्रिगेडने जपान्यांची माघारीची वाट तोडण्यासाठी टेकड्यांवर हल्ले केले. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: कोडगूचे के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. हिंदी माणसाला मोठ्या तुकडीचे नेतृत्व झेपेल का, या शंकेवर ब्रिटिशांनी वीस वर्षे काथ्याकूट केला होता. कांगॉच्या चिखलात तिचे उत्तर मिळाले. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. त्यांच्या कोअरचे सेनापती होते तेच क्रिस्टिसन, ज्यांनी बंगळुरात 33 वी कोअर उभी केली होती. पुढे थिमय्या स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले, थोरातांनी पूर्व कमांड सांभाळली.

बंगळूरचा वाटा पलटणींवर संपत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये तिथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. 1942 मध्ये सरकारने ती हाती घेतली आणि 1943 मध्ये तिचा कारभार अमेरिकी हवाईदलाकडे गेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची विमाने दुरुस्तीसाठी तिथे येत. कॅटॅलिना ही पाण्यावर उतरणारी विमाने थेट बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरत. शहराभोवती युद्धाची एवढी मोठी यंत्रणा फिरत असताना त्या शहराला निवांत म्हणणे म्हणजे गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही म्हणून गिरणी बंद आहे असे समजणे.

एक आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ही साम्राज्याची सेना होती. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’ दडपायला देशभर पन्नासहून अधिक पलटणी वापरल्या गेल्या. मग तिचे गोडवे का गावेत? गोडवे गाऊच नयेत. पण नोंद घेणे आणि आरती ओवाळणे यांत फरक आहे. त्याच वर्षी जुलमाचे हत्यार झालेल्या सैन्यातूनच स्वतंत्र भारताच्या लष्कराचे नेतृत्व पुढे आले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय आपला इतिहास पुरा होत नाही.

आता तिसरा मुद्दा. लढाई जिथे झाली तिथेच इतिहास घडला असे धरले, तर शिकवणारा, पोसणारा, दुरुस्त करणारा, रेल्वेत चढवून देणारा असा युद्धाचा निम्माअधिक संसार आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. आणि हा संसार बहुतांशी हिंदी माणसांचा होता. दक्षिण सेना लढली नाही हे खरे. तिने लढू शकणारे सैन्य घडवून दिले, हेही तितकेच खरे. कोहिमा आणि मंडालेवर लिहिणाऱ्याने यापुढे बंगळूर आणि नगर या नावांपासून सुरुवात करावी. तसे न करणारा अर्धीच हकीकत सांगत असतो.