मनूचे पाय पाळण्यात कोणाला दिसले?



इतिहासाच्या गप्पांमध्ये पालक एक प्रश्न हमखास विचारतात. पूर्वीचे लोक मुलांना कसं वाढवायचे? प्रत्येक मुलाचा स्वभाव वेगळा, तो ओळखून त्याच्याशी वागावं, असं काही तेव्हा होतं का? की घरातल्या सगळ्यांना एकच माप? मी मानसशास्त्राचा माणूस नाही. पण या प्रश्नाचं जवळात जवळचं उत्तर मला काशीत दिसतं, म्हणून आज तिकडे जाऊ.

काशीत अस्सी घाटापासून थोड्या अंतरावर भदैनी नावाचा भाग आहे. झाशीच्या राणीचं जन्मस्थान म्हणून तिथे स्मारक केलेलं आहे. आपण मराठी माणसं काशीला जातो, गंगेत बुडी मारतो, विश्वनाथाचं दर्शन घेतो आणि बहुतेक वेळा तिकडे न वळताच गाडी पकडतो. मी गेलो, तेव्हा राणीपेक्षा तिच्या वडिलांचाच विचार डोक्यात जास्त घोळत होता. मोरोपंत तांबे. या मुलीला वाढवलं ते त्यांनी, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल एक ओळही धड सांगता येत नाही.

आधी हे कुटुंब काशीत कसं आलं ते पाहू. १८१८ साली पेशवाई संपली. दुसऱ्या बाजीरावांनी जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि आठ लाखांची सालीना पेन्शन घेऊन ते कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला राहिले. त्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा काशीला आले. काशीत मराठी माणूस नवा नव्हता. गागाभट्टांचं घराणं तिथलंच, विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलेलं, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूला मराठी वस्ती होतीच. अप्पांच्या आश्रयाला जी मंडळी होती त्यांत मोरोपंत आणि त्यांच्या पत्नी भागीरथीबाई. त्यांना मुलगी झाली. काशीतल्या घाटावरूनच नाव ठेवलं मणिकर्णिका. घरात मनू.

मनू तीन-चार वर्षांची असेल, तेवढ्यात भागीरथीबाई वारल्या. अप्पाही गेले. आश्रय सुटला. मोरोपंत मुलीला घेऊन बिठूरला बाजीरावांकडे आले.

इथे क्षणभर थांबा. त्या काळात बायको गेलेल्या पुरुषानं लहान मुलीचं काय करायचं, याची वहिवाट ठरलेली होती. आजोळी पाठवायची, नाहीतर काकू-आत्याच्या पदरात घालायची. तिथे ती चार मुलींसारखी वाढायची, व्रतवैकल्यं शिकायची, आठव्या-नवव्या वर्षी सासरी जायची. मोरोपंतांनी मुलगी आपल्याजवळ ठेवली. ते दरबारात जात, तर ती त्यांच्याबरोबर. त्यामुळे ती वाढली पुरुषांच्या माणसांत. बाजीराव तिला लाडानं छबेली म्हणत.

आणि ते दरबार तरी कसलं? राज्य गेलेलं, सैन्य गेलेलं, पण शिलेदारीच्या सवयी शिल्लक. घोडे होते, शस्त्रं होती, तालीम होती. ज्यांच्यामुळे मल्लखांबाला नवं रूप आलं ते बाळंभटदादा देवधर याच बाजीरावांच्या पदरचे. म्हणजे ज्या मुलीच्या अंगात रग आहे, तिला हात घालायला हवं ते सगळं अंगणातच होतं. प्रश्न एवढाच होता, की तिनं हात घातल्यावर कोणी तो मागे ओढतं का.

तो ओढला गेला नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? यासाठी पुरावा उलटीकडून वाचावा लागतो. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या वेळी ते झाशीतच होते. त्यांनी पुढे आपली हकीकत लिहिली, ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापली गेली. त्यांनी पाहिलेली राणी पहाटे उठून मल्लखांबावर मेहनत करणारी, घोडा फिरवणारी, घोड्याची पारख असलेली आहे. आता मला सांगा, मल्लखांब कोणी ऐन तरुणपणी, गादीवर बसल्यावर नव्यानं शिकतं का? हे अंग लहानपणीच मोडलेलं असावं लागतं. म्हणजे बिठूरमध्ये कोणीतरी त्या पोरीला लाकडावर चढू दिलं होतं. आणि काळ लक्षात घ्या. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ सालची. मनूचं बालपण त्याच्या आधीचं. मुलीनं हातात पाटी धरली तरी लोक नाकं मुरडत, तेव्हा ही लिहायला-वाचायला शिकली आणि वर घोड्यावरही बसली.

आता थोडी सावधगिरी. सिनेमात आपण तीन मुलं तलवारी खेळताना पाहतो: नाना, तात्या आणि मनू. नानासाहेब १८२४ चे. तात्या टोपे १८१४ च्या सुमाराचे. मनूचं जन्मसाल काही जण १८२८ मानतात, तर जुन्या चरित्रपरंपरेत १८३५ आहे. तिथी मात्र तीच, १९ नोव्हेंबर. १८२८ धरलं तर नाना तिच्याहून चार वर्षांनी मोठे आणि तात्या चांगले चौदा वर्षांनी. १८३५ धरलं तर तात्या बाप्या माणूस आणि ही कडेवरची पोर. मग खेळगडी कसले? तो देखावा गोड आहे, पण वयाच्या हिशेबात बसत नाही.

दुसरी गोष्ट हत्तीची. नाना हत्तीवरून निघाले, मनूनं हट्ट धरला, तिला वर घेतलं नाही. ती रडू लागली, तेव्हा मोरोपंत रागावून म्हणाले, की आपल्या नशिबी हत्ती नाही. त्यावर ती म्हणाली, माझ्या नशिबी एक सोडून दहा हत्ती आहेत. ही कथा आपण मुलीच्या बाणेदारपणासाठी सांगतो. मी ती बापासाठी ऐकतो. घडली असेल-नसेल, पण सांगणाऱ्यांनीसुद्धा मोरोपंतांना द्रष्टा केलेलं नाही. त्यातला बाप आपल्या पायरीनं राहायला शिकवणारा, परक्याच्या दारात अन्न खाणारा साधा माणूस आहे. मुलीत राणी आहे हे त्याला दिसलेलं नाही.

आपल्याकडे म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. खरं सांगायचं तर ते मागाहून दिसतात. मूल मोठं झालं, नाव काढलं, की आपण पाळण्याकडे वळून पाहतो आणि म्हणतो, मला तेव्हाच कळलं होतं. पाळण्यात दिसतो तो पिंड. मूल चळवळं आहे की शांत, नव्या माणसाकडे झेपावतं की आईच्या पदरामागे लपतं, रडायला लागलं की किती वेळ रडतं. त्याचं पुढे काय होणार, हे त्यात लिहिलेलं नसतं.

विसाव्या शतकात याचा नीट अभ्यास झाला. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं काही मुलांच्या तान्हेपणापासून नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. काही मुलं सोपी, काही अवघड, काही हळूहळू रुळणारी, असे ढोबळ गट त्यांनी केले. सगळी मुलं त्यांत बसली नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. पण माझ्या मते त्यांचं मोठं सांगणं पुढचं आहे. मुलाचा पिंड चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. त्या पिंडाचा आणि घराच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. तीच रग एका घरात गुण होते, दुसऱ्या घरात खोड.

आता मोरोपंतांकडे परत या. मेळ बसला तो थोडा योगायोगानं, थोडा त्यांच्यामुळे. आई गेली हे दुर्दैव, दरबार पुरुषांचा हा योगायोग. मोरोपंतांचा वाटा एवढाच, की मुलगी जे उचलत होती ते त्यांनी तिच्या हातातून काढून घेतलं नाही. लोक काय म्हणतील, हिच्याशी लग्न कोण करील, हे विचार त्यांच्या मनात आले नसतील असं मला वाटत नाही. तरी त्यांनी घोडा सोडवला नाही.

पण याला मर्यादा होती, आणि ती झाकू नये. मे १८४२ मध्ये मनूचं लग्न झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी झालं. ते बिजवर होते आणि वयानं पुष्कळ मोठे. १८३५ साल खरं असेल तर नवरी सहा वर्षांची होती. १८२८ खरं असेल तर तेराची. दोन्हीतलं कुठलंही धरा, तिला कोणी विचारलेलं नाही. घोड्यावर बसू देणाऱ्या बापानंच हे लग्न लावलं. स्वभाव जपणं वेगळं आणि काळाची चौकट मोडणं वेगळं. पहिलं मोरोपंतांना जमलं, दुसरं त्यांच्या मनातही आलं नसेल. आपणही आपल्या काळाच्या कोणत्या चौकटीत असे नकळत वागतो, हे आपली मुलंच पुढे सांगतील.

पुढची हकीकत तुम्हाला माहीत आहे. मुलगा झाला, काही महिन्यांत गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव गेले. डलहौसीनं दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं. या सगळ्या काळात मोरोपंत कुठे होते? झाशीतच. लग्नानंतर तेही तिथेच राहिले, तिथेच त्यांनी दुसरा संसार मांडला. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजनं वेढा घातला, तेव्हाही ते मुलीबरोबर होते. एप्रिलच्या सुरुवातीला झाशी पडली. राणी काल्पीकडे निसटली. मोरोपंत जखमी झाले, दतियाला पकडले गेले, आणि त्यांना झाशीत फाशी दिलं. मुलीच्या आधी जेमतेम दोन महिने.

मला वाटतं, मोरोपंतांचं खरं पालकत्व इथे आहे. लहानपणी त्यांनी मुलीला अडवलं नाही, हे अर्धं झालं. ज्या स्वभावाला आपण वाढू दिलं, तो पुढे स्वतःचे निर्णय घेणारच, आणि त्या निर्णयांची किंमत कधीकधी आपल्यालाही मोजावी लागते. ती त्यांनी मोजली.

जाता जाता दामोदररावांबद्दल. राणीचा दत्तक मुलगा. गावोगावच्या पुतळ्यांत तो आईच्या पाठीशी बांधलेला दिसतो. १८५८ साली तो आठ वर्षांचा होता. आई गेल्यावर रानावनात हाल काढून तो इंदूरला पोचला, तुटपुंज्या पेन्शनवर जगला आणि १९०६ साली तिथेच वारला. त्यानं तलवार उपसली नाही. म्हणून तो उणा ठरतो का? त्याचा पिंड काय होता, हे आपण कधी विचारलंच नाही. तो कायम कोणाच्या तरी पाठीवरच राहिला.

म्हणून एवढंच सांगतो. मुलीचं नाव मनू ठेवून तिला घोडेस्वारीच्या वर्गात घातलं, म्हणजे मोरोपंतांचा धडा गिरवला असं होत नाही. उलट होतं. तिला घोड्याची भीती वाटत असेल आणि तासन्‌तास मुंग्यांची रांग पाहत बसावंसं वाटत असेल, तर तिला ती रांग पाहू देणं, हा मोरोपंतांचा धडा.

काशीला गेलात तर भदैनीला जाऊन या. पुतळा राणीचा आहे. नमस्कार करताना एक तिच्या वडिलांनाही करा.

भेटू पुढच्या भागात.